थर्मोस्टॅटचा रिकामा गळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सतरा वर्षं कोअर शॉपला आहे. इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, पाणी खेळायला ज्या पोकळ्या लागतात, त्यांचे वाळूचे कोअर आम्ही तयार करतो. रेझिन लावलेली वाळू तापलेल्या कोअर बॉक्समध्ये मारायची, ती कडक झाली की बाहेर काढायची आणि कडेला आलेली फिन, म्हणजे वाळूची जादा पातळ कड, कानशीनं घासून टाकायची. या पाण्याच्या पोकळ्यांचा, म्हणजे वॉटर जॅकेटचा, कोअर हातात घेतला तर एखादी वाळकी, वेडीवाकडी फांदी धरल्यासारखं वाटतं. काही ठिकाणी तो जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असतो, जरा जोर लागला की मोडतो. हा कोअर मोल्डमध्ये बसवतात, भोवती १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओततात, आतलं रेझिन जळून जातं आणि नॉकआउटला, म्हणजे मोल्ड फोडताना, ती वाळू भुरभुर गळून पडते. मागं जी पोकळी राहते, ती पाण्याची वाट.

ही वाट मी रोज करतो. पण तिच्यातनं पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं हे कोण ठरवतं, याचा विचार मी गेल्या मे महिन्यापर्यंत कधी केला नव्हता.

रत्नागिरीकडं पालीजवळ माझी आक्का असते. तिच्याकडनं आम्ही परत येत होतो. मी, बायको, मुलगी आणि आई, डिकीत आंब्याच्या सहा पेट्या, एसी चालू. गाडी दहा वर्षांची, पेट्रोल, मी तिचा तिसरा मालक. या गाडीचा टेंपरेचरचा काटा घेतल्यापासून खालच्या पाव भागातच असायचा. कसबा बावड्यातनं निघून शिये फाट्यावरनं शिरोलीला जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तो खालच्या रेषेवरनं धड सुटायचाही नाही. इंजिन थंड राहतंय म्हणजे उत्तम चाललंय, असंच मी धरून चाललो होतो. शेजारच्यांनाही तसंच सांगायचो.

साखरप्यात चहा घेतला आणि घाटाला लागलो. पुढं एक ऊस तोडणीचा रिकामा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. त्याच्या मागनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावं लागत होतं. काटा मधोमध आला. या गाडीत तो मध्यावर आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढच्या दोन वळणांत तो लाल पट्टीला टेकला. जरा रुंद कड बघून गाडी बाजूला घेतली तर बॉनेटच्या फटीतनं वाफ येत होती आणि रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत खळाखळा उकळी फुटली होती.

मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागनं आलेला एक टेंपोवाला ओरडला, "पाव्हणं, त्याला हात लावू नका! तोंडावर यील समदं!" तो उतरून आला. गाडी बंद करायला लावली, बॉनेट उघडं ठेवायला लावलं आणि म्हणाला, "अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. हाताला चटका बसायचा थांबला की मग पाणी घाला. निघताना एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हळूहळू चढवा." मे महिन्यात हीटर लावायचा सल्ला ऐकून बायको माझ्याकडं बघायलाच लागली. पण त्याचं बोलणं खरं होतं. डॅशबोर्डच्या मागं हीटरची एक छोटी जाळी असते. तीही इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालते, म्हणजे तो दुसरा छोटा रेडिएटरच. हीटर लावला की तेवढी उष्णता इंजिनातनं निघून गाडीत येते. आंबा गावापर्यंत आम्ही तसेच आलो. आईच्या डोक्यावर ओला टॉवेल होता, मुलगी खिडकीतनं तोंड बाहेर काढून बसली होती. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. एका शब्दानं तिनं तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

झाकणाबद्दल इथंच सांगून टाकतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. कुकरच्या शिट्टीसारखंच ते काम. त्या दाबाखाली आतलं पाणी ११५-१२० डिग्रीच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि सगळं पाणी एकदम वाफ व्हायला बघतं. त्या टेंपोवाल्याचं नाव मी विचारलं नाही. त्या गडबडीत राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यांनी रेडिएटर बघितला, पंखा बघितला, मग हेडच्या पुढच्या टोकाला वरचा होज पाइप जिथं लागतो तिथले दोन बोल्ट काढले आणि हाउसिंग उचललं. मी शेजारी वाकून बघत होतो. आत एक गोल गळा होता आणि त्यात काहीच नव्हतं.

तो गळा मी ओळखला. माझ्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, आमच्या फौंड्रीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण आमच्या कोअरलाही नेमका तसाच गळा येतो, पुढच्या टोकाला. त्याच्या काठावर फिन येते आणि ती साफ करताना कानस तिरकी धरावी लागते, नाहीतर काठाचा टवका उडतो. सतरा वर्षं मी तो काठ जपत आलोय, कारण ड्रॉइंगवर तिथं लिहिलेलं असतं की ही बैठक आहे. कशाची बैठक, ते मला त्या दिवशी कळलं. तिथं थर्मोस्टॅट बसतो. माझ्या गाडीत तो कुणीतरी काढून टाकला होता.

मिस्त्रींना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, "काढल्यालाच बरा असतोय साहेब. आपल्या हवेत त्याचं काय काम? ते बर्फातल्या लोकांसाठी." वायर बघितल्यावर आणखी एक कळलं. रेडिएटरचा पंखाही 'डायरेक्ट' केलेला होता, चावी फिरवली की सुरू तो बंद करेपर्यंत. म्हणजे आधीच्या कुणीतरी इंजिन थंड ठेवायचा अगदी चंग बांधला होता. मग घाटात ते उकळलं कसं?

या प्रश्नानं मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हेडचं ड्रॉइंग उघडून बसलो. आमच्या मशिन शॉपला एक जुने साहेब आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर आकृती काढली. ती इथं शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो.

पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर २००० डिग्रीच्या वर उष्णता होते. आमच्या भट्टीतल्या पातळ लोखंडापेक्षा जास्त. ॲल्युमिनियम तर ६६० डिग्रीला वितळतं. तरी इंजिन वितळत नाही, कारण भिंतीच्या पलीकडनं पाणी वाहत असतं. पेट्रोलमधल्या एकूण उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा गाडी ओढायला येतो, तिसरा सायलेन्सरमधनं जातो आणि तिसरा या पाण्याला बाहेर काढावा लागतो. काम एवढं मोठं आहे, म्हणून आपल्याला वाटतं की पाणी जितकं जास्त पळवावं तितकं चांगलं. सकाळी मात्र नेमकं उलट हवं असतं. थंड इंजिनाला लवकर गरम करायचं असतं.

म्हणून पाण्याला दोन वाटा दिलेल्या असतात. एक छोटी, इंजिनातल्या इंजिनात फिरणारी. पंपातनं ब्लॉकमध्ये, तिथनं हेडमध्ये, आणि बाय-पासमधनं परत पंपाकडं. दुसरी मोठी, रेडिएटरमधनं जाणारी. थर्मोस्टॅट या दोन वाटांच्या तिकटीवर उभा असतो. गाडी चालू केली की तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, पाणी छोट्या वाटेनंच फिरतं आणि पाच-सात मिनिटांत गरम होतं. ठरलेल्या उष्णतेला पोचलं की तो रेडिएटरची वाट हळूहळू उघडतो. आणि खरी गोम पुढं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक छोटी चकती असते. वरची झडप उघडत जाते तशी ही खालची चकती बाय-पासचं भोक बंद करत जाते. घाटात इंजिन पुरतं तापलं की सगळंच्या सगळं पाणी रेडिएटरमधनं गेलं पाहिजे, यासाठी ती सोय.

थर्मोस्टॅट काढला की ही चकतीही जाते. बाय-पासचं भोक कायमचं उघडं राहतं. सपाटीला, थंडीत, इंजिनावर भार नसताना काही कळत नाही, उलट काटा खालीच राहतो. पण चार माणसं, सहा पेट्या, एसी आणि आंबा घाट एकत्र आले की इंजिनातलं उकळायला आलेलं पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात शिरतं. माझ्या गाडीत हेच होत होतं. त्यात रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षारानं भरलेल्या, कारण आधी कुणीतरी बोअरचं पाणी वापरलेलं. पाणी काढलं तेव्हा ते गंजाच्या रंगाचं होतं.

याबद्दल एक चुकीचं कारण लोक ठासून सांगतात, तेही इथंच खोडतो. म्हणे थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात पळतं आणि त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. असं नसतं. आमच्या इंडक्शन फर्नेसच्या कॉइलमधनं सतत पाणी फिरतं. ते कमी झालं की अलार्म वाजतो आणि भट्टी ट्रिप होते. 'जरा हळू सोडा म्हणजे चांगलं गार होईल' असं तिथं कुणी म्हणणार नाही. पाणी एकदा जोरात गेलं तरी ते पुन्हा पुन्हा येत असतं, एकूण उष्णता जास्तच निघते. दोष जोराचा नसतो, चुकलेल्या वाटेचा असतो.

मिस्त्रींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. जुन्या जीपगाड्यांत खराब पाण्यानं थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकायचा. तसा अडकला की गरम पाणी रेडिएटरला जातच नाही, हेडखालचं गॅस्केट जळतं, हेड वाकतं आणि गिऱ्हाइकाचे वीस-पंचवीस हजार जातात. पार्ट वेळेवर मिळायचा नाही. अशा वेळी काढून टाकणं हा त्यांनी हातात होतं त्यातनं शोधलेला उपाय होता. पण तो उपाय आजच्या गाड्यांना लावू नये, एवढंच माझं सांगणं आहे.

उद्यमनगरात स्पेअर पार्टच्या दुकानात थर्मोस्टॅट मिळाला. सहाशे ऐंशी रुपये, रबरी रिंगसकट. पितळ आणि स्टीलची तळहातात मावणारी वस्तू, चकतीच्या काठावर ८२ आकडा ठोकलेला. बसवायच्या आधी मला तो चालताना बघायचा होता. जन्मभर त्याची बैठक घासली, आता तो स्वतः समोर होता.

रविवारी सकाळी गॅसवर स्टीलचं पातेलं ठेवलं. सँड लॅबमधनं एक थर्मामीटर विचारून आणला होता. मुलगीनं दोऱ्याचं टोक थर्मोस्टॅटच्या झडपेत धरलं, मी झडप बोटांनी जरा उघडून सोडली, दोरा चिमटीत अडकल्यासारखा आत अडकला. त्याच दोऱ्यानं तो पाण्यात लोंबकळत सोडला. तळाला टेकू दिला नाही, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. ५० झालं, ६०, ७०. काहीही नाही. पाण्यात बारीक बुडबुडे धरायला लागले. ८० ला मुलगी म्हणाली, "पप्पा, हा खराब दिलाय." ८३ ला दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट टप् करून तळाला पडला. झडप उघडली होती, म्हणून चिमटा सुटला.

मग तो तारेला बांधून पुन्हा सोडला आणि डोळ्यांनी बघितलं. झडप एकदम उघडत नाही. आधी केसाएवढी फट, मग नखाएवढी. ९५ ला पुरी उघडली, पट्टी लावून मोजलं तर आठ मिलिमीटर. त्याच वेळी खालची छोटी चकती तेवढीच खाली सरकलेली. गॅस बंद केला. बंद व्हायला मात्र त्यानं जरा वेळ घेतला, ७८ च्या आसपास पुरता मिटला. गॅस बंद करायच्या आधी पाणी खळखळून उकळलं तेव्हा थर्मामीटर ९८ दाखवत होता, त्यावरनं मुलगीनं पुन्हा शंका काढली, की पुस्तकात तर १०० असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं हवेचा दाब कमी, म्हणून आपलं पाणी दोन डिग्री आधीच उकळतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. बायकोनं पातेलं मात्र परत स्वयंपाकाला घेतलं नाही, ते आता माझ्या हत्यारांच्या खोलीत आहे.

या वस्तूत वीज नाही, वायर नाही. आत पितळेची छोटी कुपी असते आणि तिच्यात मेण भरलेलं असतं. मेण वितळताना चांगलंच फुगतं, दहा-पंधरा टक्के. फुगायला जागा नाही म्हणून ते रबरी पडद्यातनं एका दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या झडप उघडतो, गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. मेणातनं उष्णता लवकर पसरत नाही, म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. कुठलं मेण घेतलं यावर झडप ८२ डिग्रीला उघडणार की ८८ ला, ते ठरतं. ही कुपी सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात काढली. त्याआधी पातळ पत्र्याच्या घड्यांचा भाता असायचा, आत अल्कोहोलसारखं लवकर उडणारं द्रव. रेडिएटर दाबाखाली चालायला लागले तसा तो भाता दाबानं फसायला लागला. मेणाला दाबाचं काही वाटत नाही. उष्णता आपली आपण राखणारं यंत्र ही कल्पना तर याहूनही कितीतरी जुनी. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं सतराव्या शतकात अंडी उबवायच्या पेटीसाठी असं यंत्र केलं होतं.

मला मात्र ते बघताना आठवलं मामाचं गुऱ्हाळ. काहिलीपाशी गुळव्या उभा असायचा. त्याच्या हाताच्या नुसत्या खुणेवर चुलवाणात चिपाडं जास्त पडायची किंवा थांबायची. रस कच्चा राहिला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर करपतो. मामा पिकाचा मालक, पण काहिलीपाशी गुळव्याच्या पुढं तो बोलायचा नाही. इंजिनातनं थर्मोस्टॅट काढणं म्हणजे गुळव्याला घरी पाठवून नुसता जाळ कमी ठेवण्यासारखं आहे.

कारण कमी जाळाचंही नुकसान असतं, आणि ते दिसत नाही म्हणून जास्त वाईट. इंजिन थंड आहे असं सेन्सरनं सांगितलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. थंड भिंतीवर त्यातलं काही पेट्रोल न जळता चिकटतं आणि तिथलं ऑइल धुऊन टाकतं. त्याशिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधनं जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते, नाहीतर तिथंच राहते. माझ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली हिवाळ्यात सायीसारखा पिवळट पांढरा थर यायचा. मी तो फडक्यानं पुसून टाकायचो, चार वर्षं. तो काय सांगत होता, ते मला ऐकू आलं नाही.

थर्मोस्टॅट बसवताना मी मिस्त्रींच्या शेजारीच थांबलो. त्यांनीही मनावर घेऊन केलं. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला. चकतीत एक बारीक भोक असतं आणि त्यात हलणारी छोटी पिन. ती वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे पाणी भरताना आतली हवा तिथनं निघते. हवा अडकून राहिली तर नवा थर्मोस्टॅट घालूनही गाडी तापते, आणि मग पुन्हा त्यालाच नावं ठेवली जातात. रेडिएटर काढून साफ करून घेतला. सिस्टीम साध्या पाण्यानं चार वेळा धुतली, रंग जाईपर्यंत. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं निम्मं. डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही. कुलंटचं काम थंड करणं एवढंच नसतं, गंज आणि क्षार धरू न देणं हेही त्याचंच. ते चवीला गोड आणि विषारी असतं, सांडलेलं तसंच टाकू नका, गल्लीतली कुत्री चाटतात. पंख्याची डायरेक्ट वायर काढून तो परत त्याच्या जागी जोडून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघालो. शिये फाट्याच्या आधीच काटा वर आला आणि मध्याच्या जरा खाली थांबला. तिथनं शिरोलीपर्यंत तो हलला नाही. मी वहीत पेट्रोल लिहून ठेवतो. आधी शहरात लिटरला साडेअकरा किलोमीटरच्या आसपास पडायचं, पुढच्या चार टाक्यांची सरासरी तेरा पूर्णांक सहा आली. या हिवाळ्यात झाकणाखाली तो थर आला नाही.

तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, चालतोय का, हे हातानं कळतं. सकाळी गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला अधनंमधनं हात लावा. पंखा आपोआप सुरू होतो, बोटं आणि ओढणी त्याच्यापासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत, थर्मोस्टॅट या वरच्या पाइपाच्या तोंडाशी असेल तर, काही मिनिटं पाइप गार राहतो आणि मग थोड्याच वेळात चटका बसण्याइतका गरम होतो. असं झालं तर सगळं ठीक. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. आणि काटा वर चाललाय पण पाइप गारच, तर तो बंद अडकलाय, गाडी तिथंच थांबवा. नवीन गाड्यांत काट्यावर पुरता भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांचा काटा ऐंशीपासनं शंभरपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो, तो हलला म्हणजे बरंच काही होऊन गेलेलं असतं. पाणी फार कमी झालं तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा खालीही दाखवू शकतो.

दिवाळीनंतर पुन्हा आक्काकडं गेलो. येताना तोच घाट, तशीच माणसं, पेट्यांऐवजी तांदळाची दोन पोती. त्या वळणावर मी मुद्दाम एसी चालू ठेवला. काटा सुईभर वर गेला, पंखा लागल्याचा आवाज आला, काटा परत खाली आला. आई मागच्या सीटवर झोपली होती.

आमच्या कोअरला गळ्याच्या शेजारनं एक बारीक दांडी जाते, पेन्सिलीएवढी. बॉक्समधनं काढताना ती वरचेवर तुटते आणि तिच्यामुळं आमचं रिजेक्शन वाढतं. ही दांडी नसती तर बरं झालं असतं, असं शॉपमधले आम्ही सगळेच म्हणत आलो. ती बाय-पासची वाट आहे. गेल्या आठवड्यात पाळीला दोन नवी पोरं आली, त्यांना मी कोअर हातात देऊन दोन्ही वाटा दाखवल्या, गळ्यात काय बसतं तेही सांगितलं. एकानं मोबाईलवर फोटो काढून घेतला. मग ट्रे तपासायला घेतला. चोवीस कोअरमधले दोन दांडीच्या मुळाशी तडकलेले निघाले. डिंक लावून चालवले असते तर वरनं कुणाला दिसले नसते. ते बाजूला काढून मोडून टाकले.